लेखनयंत्र : टेबलावरचे आणि मांडीवरचे
(मराठी लेखकाच्या निवडीचा इतिहास)

प्रास्ताविक

लेखनासाठी डेस्कटॉप घ्यावा की लॅपटॉप, हा प्रश्न वरवर पाहता बाजारातील खरेदीचा आहे. किंमत, वजन, पडद्याचा आकार आणि बॅटरीचा काळ एवढ्या बाबी ताडून पाहिल्या की त्याचे उत्तर मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खरा आहे. मराठीत लिहिणाऱ्याच्या बाबतीत मात्र इतिहास निराळा दिसतो. साधारणपणे इ.स. २००० पर्यंत मराठी लेखकासमोर अशी निवड खऱ्या अर्थाने उभीच राहिली नव्हती, कारण त्याची लिपीच एका ठरावीक यंत्रात, ठरावीक टेबलावर वस्तीला होती. लिपी त्या टेबलावरून कशी सुटली आणि सुटताना लेखनाच्या व्यवहारात कोणते बदल झाले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बैठक आणि प्रवास

लेखनसाधन एका जागी असावे की सोबत न्यावे, हा पेच संगणकाने निर्माण केलेला नाही. पेशवाईत पुण्याच्या फडात बैठकीवर बसून हिशेब व पत्रव्यवहार चाले, तसाच तो मोहिमेवरच्या छावणीतही चाले. बोरू, दौत आणि कलमदान ही साधने कारकुनासोबत फिरू शकत, दप्तर मात्र आपल्या जागी राही. लेखन फिरते आणि संदर्भ स्थिर, ही विभागणी आजच्या संशोधकालाही परिचयाची वाटेल. मोडीच्या धावत्या वळणामागे हात न उचलता भरभर लिहिण्याची गरज होती, हे सर्वज्ञात आहे.

टंकलेखन यंत्र आले तेव्हा ते प्रथम टेबलावरच बसले. अमेरिकेत रेमिंग्टनने १८७४ साली शोल्स व ग्लिडन यांचे यंत्र विक्रीस आणले. ते केवळ मोठ्या लिपीतील अक्षरे उमटवी आणि फिरवण्याच्या विचाराने बनवलेले नव्हते. पुढे १९१२ साली आलेल्या 'करोना ३' या घडीच्या यंत्राने हे बंधन सैल केले. जेमतेम पावणेतीन किलो वजनाचे हे यंत्र पहिल्या महायुद्धातील वार्ताहरांच्या सामानात जाऊन बसले. अर्नेस्ट हेमिंग्वे याला १९२१ साली वाढदिवसाची भेट म्हणून मिळालेले यंत्रही हेच होते. लेखक जेथे जाईल तेथे यंत्र, ही कल्पना इंग्रजी लेखनसंस्कृतीत अशा रीतीने संगणकाच्या कितीतरी आधी रुजली होती.

मराठीत असे घडले नाही. देवनागरी टंकयंत्रे आली. स्वातंत्र्योत्तर काळात १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचे पहिले टंकयंत्र तयार केल्यानंतर त्यांचा प्रसारही वाढला. पण ही यंत्रे गेली ती कचेऱ्यांत, न्यायालयांत आणि टंकलेखन शिकवणाऱ्या संस्थांत. मिनिटाला तीस व चाळीस शब्दांच्या परीक्षा देऊन हजारो तरुण-तरुणी या यंत्रांवर तयार झाल्या. साहित्यिक व प्राध्यापक यांनी मात्र सर्वसाधारणपणे हातानेच लिहिले. हस्तलिखित छापखान्यात जाई आणि तेथे जुळारी खिळे जुळवी. लिहिणारा एक आणि यंत्र चालवणारा दुसरा, ही श्रमविभागणी मराठी लेखनव्यवहारात इतकी मुरली की संगणक आल्यावरही ती दीर्घकाळ तशीच टिकली. याचे कारण केवळ आळसात शोधणे अन्यायाचे ठरेल. अर्धी अक्षरे, रफार, उकार आणि जोडाक्षरे मोजक्या कळांत बसवताना टंकयंत्राने देवनागरीचे रूप बरेच ओबडधोबड केले होते. सावरकरांनी पुरस्कारलेली 'अ'ची बाराखडी काय किंवा लिपिसुधारणेसाठी १९५३ साली लखनौ येथे भरलेली परिषद काय, या साऱ्या खटपटींमागे लिपी यंत्राला सोयीची करण्याचा विचार होता. लेखकांना आणि वाचकांना ती मुरड रुचली नाही, आणि ते योग्यच झाले असे आज मागे वळून पाहता म्हणावे लागते. यंत्राची अडचण तात्पुरती होती. लिपी तिच्यासाठी कायमची बदलली असती.

परदेशातील दोन वाटा

शब्दसंस्करण करणारी आरंभीची यंत्रे किती अवजड होती, याचे एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. इंग्रज कादंबरीकार लेन डाइटन याने १९६८ साली चुंबकीय फितीवर मजकूर साठवणारे आयबीएमचे यंत्र भाड्याने घेतले. त्याचे वजन सुमारे ९० किलो होते. ते लंडनमधील त्याच्या घरात चढवण्यासाठी खिडकी काढून क्रेन लावावी लागली. १९७० साली प्रसिद्ध झालेली त्याची 'बॉम्बर' ही कादंबरी या यंत्राच्या साहाय्याने सिद्ध झाली. ते यंत्र प्रत्यक्ष चालवण्याचे काम बहुतांशी त्याच्या सहायिकेने केले, ही बाब मात्र या कथेत सहसा मागे पडते.

याच सुमारास ॲलन के याच्या मनात वहीसारख्या हाताळता येणाऱ्या संगणकाची कल्पना आकार घेत होती. १९७२ साली त्याने 'डायनाबुक' या नावाने तिचा आराखडा मांडला. ते यंत्र प्रत्यक्षात उतरले नाही. त्यानंतरच्या दोन दशकांतील प्रयत्न हे त्या चित्राकडे जाण्याचे निरनिराळे मार्ग होते.

१९८१ हे वर्ष या दृष्टीने विशेष मानावे लागते. एप्रिलमध्ये 'ऑस्बॉर्न १' हा उचलून नेता येणारा संगणक बाजारात आला, आणि ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर सादर केला. एकाच वर्षात फिरते यंत्र आणि टेबलावरचे यंत्र अशा दोन्ही वाटा खुल्या झाल्या. 'ऑस्बॉर्न १' ची किंमत १,७९५ डॉलर होती आणि त्यासोबत वर्डस्टार ही लेखनप्रणाली मिळत असे. वजन सुमारे ११ किलो, पडदा अवघा ५ इंचांचा आणि एका वेळी दिसणारी अक्षरे ओळीला ५२. विमानातील आसनाखाली मावेल इतका तो लहान होता, पण मांडीवर घेण्यासारखा मुळीच नव्हता. त्याचा निर्माता ॲडम ऑस्बॉर्न याचे बालपण तमिळनाडूत गेले होते. १९८३ साली त्याची कंपनी बुडाली आणि २००३ साली कोडाईकनाल येथे त्याचे निधन झाले. फिरत्या संगणकाच्या इतिहासातील या भारतीय धाग्याची आपल्याकडे फारशी दखल घेतलेली दिसत नाही.

खऱ्या अर्थाने लिहिणाऱ्यांचे फिरते यंत्र म्हणून १९८३ सालच्या 'टीआरएस-८० मॉडेल १००' चा उल्लेख करावा लागेल. साध्या चार सेलवर चालणारे हे सुमारे दीड किलोचे यंत्र अमेरिकन वार्ताहरांनी उचलून धरले. त्यातील मोडेममुळे दूरध्वनीच्या तारेवरून बातमी थेट कचेरीत पाठवता येई. मात्र पडदा आठ ओळींचा आणि ओळ चाळीस अक्षरांची. बातमी लिहिण्यास एवढे पुरे. तीनशे पानांचा प्रबंध रचणाऱ्यास नाही. आठ ओळींच्या झरोक्यातून प्रकरणाचा घाट दिसत नाही. डेस्कटॉपच्या मोठ्या पडद्याचा खरा लाभ येथेच आहे, आणि तो आजही संपलेला नाही.

१९८२ सालचा 'ग्रिड कंपास' शिंपल्यासारखा मिटणारा होता, पण त्याची आठ हजार डॉलरांवरील किंमत लेखकाच्या आवाक्यातील नव्हती. १९९१ साली ॲपलच्या 'पॉवरबुक' ने कळफलक मागे सरकवून पुढे तळहात टेकण्यास जागा दिली. आज प्रत्येक लॅपटॉपमध्ये ही जागा असते आणि तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. या घडामोडींत इंग्रजी लेखकाला एकच हिशेब करावा लागे : किती वजन उचलायचे आणि किती पडदा सोडायचा. अक्षरे उमटतील की नाही, ही शंका त्याला शिवतही नव्हती.

लिपी वस्तीला असलेले यंत्र

मराठी लेखकाचा प्रश्न तेथूनच सुरू होत होता. त्या काळातील डॉस प्रणालीचा पडदा ८० रकाने आणि २५ ओळी अशा समान चौकटींत विभागलेला असे व प्रत्येक चौकटीत ठरलेल्या २५६ चिन्हांपैकी एक बसे. रोमन लिपीला ही व्यवस्था पुरेशी होती. वर मात्रा, खाली उकार, मागे वेलांटी आणि पोटात जोडाक्षर बाळगणाऱ्या लिपीला ती पुरणे शक्य नव्हते. आयआयटी कानपूर येथे यावर संशोधन झाले आणि १९८३ साली नवी दिल्ली येथील विश्व हिंदी संमेलनात देवनागरी संगणकाचे प्रात्यक्षिक दाखवण्यात आले. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि 'जिस्ट' या नावाने हे कार्य तेथे पुढे चालू राहिले.

जिस्टचे सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे जिस्ट कार्ड. संगणकाची पेटी उघडून आतील खाचेत हे कार्ड बसवायचे. मग पडद्याचा ताबा ते घेई आणि वर्डस्टार किंवा डीबेस यांसारख्या इंग्रजीसाठी बनलेल्या प्रणालींतही देवनागरी अक्षरे दिसू लागत. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही कामगिरी मोठीच होती. परंतु तिचा एक परिणाम फारसा चर्चिला गेलेला नाही. कार्डासाठी खाच लागे, खाच डेस्कटॉपमध्ये असे, आणि त्या काळातील बहुतेक लॅपटॉपच्या पोटात तिला जागा नव्हती. अशा रीतीने मराठी लिपी शब्दशः डेस्कटॉपच्या पेटीत राहत होती. पेटी जेथे, तेथे मराठी. इंग्रजी वार्ताहर चार सेलवरचे यंत्र घेऊन फिरत असताना मराठी वार्ताहर कागदावर लिहून बातमी पाठवत होता. त्यामागे तंत्राविषयीची अनास्था शोधण्यापूर्वी ही खाच ध्यानात घेणे आवश्यक आहे.

१९९० च्या दशकात विंडोज आले आणि कार्डाची जागा फाँटने घेतली. सी-डॅकच्या आयएसएम व लीप ऑफिस या प्रणाली, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, बंगळुरूची आकृती अशा अनेक सोयी उपलब्ध झाल्या. आता लिपी लॅपटॉपवरही जाऊ शकत होती, पण नव्या अटींवर. बहुतेक फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवून तयार केलेले असत व प्रत्येकाची मांडणी निराळी असे. त्यामुळे एका यंत्रावर लिहिलेला लेख दुसऱ्या यंत्रावर उघडला की रोमन अक्षरे आणि विचित्र चिन्हे यांची खिचडी दिसे. काही प्रणालींसोबत डाँगल नावाची छोटी किल्ली येई. ती यंत्राच्या मागे लावल्याशिवाय मराठी चालत नसे, आणि किल्ली एकच असल्यामुळे ती सहसा कचेरीतील डेस्कटॉपला कायमची चिकटलेली राही.

याहूनही बारीक अडचण अंकांच्या कळांची होती. अनेक फाँटमध्ये काही जोडाक्षरे व चिन्हे नेहमीच्या कळांवर मावत नसत. ती आणण्यासाठी ऑल्ट ही कळ दाबून उजवीकडच्या अंकफलकावर चार अंकी संख्या द्यावी लागे. डेस्कटॉपच्या कळफलकाला हा अंकफलक स्वतंत्र होता. तत्कालीन बहुतेक लॅपटॉपवर तो अक्षरांच्या कळांतच दडवलेला असे आणि आणखी एक कळ दाबून जागा करावा लागे. एका जोडाक्षरासाठी एवढी कसरत करण्यापेक्षा डेस्कटॉपवरच बसणे चालकांनी पसंत केले. शिवाय रेमिंग्टनच्या मांडणीवर तयार झालेली बोटे डेस्कटॉपच्या खोल दबणाऱ्या कळांवर अधिक सरावाने चालत, हेही खरेच.

डीटीपी केंद्र : एक विस्मृत संस्था

या सर्व कारणांचा सामाजिक परिणाम म्हणजे डीटीपी केंद्र. १९९० ते २००५ या काळात विद्यापीठ व महाविद्यालय परिसरांतील गल्ल्यांमध्ये अशी केंद्रे मोठ्या संख्येने उभी राहिली. प्राध्यापकाने हाताने लिहिलेला प्रबंध येथे यायचा, चालक तो टंकित करायचा, कच्ची प्रत निघायची, तांबड्या शाईने दुरुस्त्या व्हायच्या आणि पुन्हा तोच फेरा सुरू व्हायचा. जुन्या छापखान्यातील जुळाऱ्याचीच ही नवी आवृत्ती होती. प्रबंध सादर करण्याच्या अखेरच्या आठवड्यात या केंद्रांत रात्र काढणारे संशोधक अनेक महाविद्यालयांतील ज्येष्ठांना आजही आठवत असतील.

या व्यवस्थेचे तोटे उघड आहेत. एक परिच्छेद वरचा खाली करायचा तरी केंद्रात जावे लागे. बदल खर्चिक आणि वेळखाऊ असल्यामुळे लेखक ते टाळत, आणि अपुरा राहिलेला विचार तसाच बांधणीला जाई. पण या व्यवस्थेचा एक गुणही मान्य करायला हवा. अनुभवी चालकाची नजर शुद्धलेखनाच्या बाबतीत अनेकदा लेखकापेक्षा तयार असे. ऱ्हस्व-दीर्घाच्या कितीतरी चुका त्याने न सांगता दुरुस्त केल्या आहेत. लेखक स्वतःच टंकलेखक झाल्यावर हा मुका संपादक गेला आणि त्याची जागा अद्याप कोणी पूर्णपणे घेतलेली नाही.

लिपी सुटते

या बंधनातून सुटण्याची पूर्वतयारी बरीच आधी झालेली होती. भारतीय लिपींसाठीची 'इस्की' ही सामायिक संकेतप्रणाली १९८८ साली आकारास आली व १९९१ साली तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. १९९१ मध्येच प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवर आधारलेली होती. मात्र संकेत ठरणे आणि पडद्यावर अक्षर दिसणे यांत जवळजवळ एका दशकाचे अंतर पडले. २००० सालच्या विंडोजमध्ये मराठी व कोकणीसह काही भारतीय भाषांना आधार मिळाला. त्यासोबत मुंबईचे अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' हा फाँट आला.

२००१ च्या विंडोज एक्सपीमध्येही ही सोय होती, पण ती मुळात निजलेली असे. प्रादेशिक पर्यायांत जाऊन एक चौकट निवडावी लागे आणि यंत्र लगेच मूळ चकती मागे. ज्यांच्याकडे ती चकती नव्हती, त्यांची मराठी तेथेच अडे. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून ही अट उरली नाही. मराठी लेखकासमोर डेस्कटॉप की लॅपटॉप हा प्रश्न पहिल्यांदा निखळ स्वरूपात उभा राहिला तो या सुमारास, असे म्हणता येईल. योगायोग असा की २००८ च्या तिसऱ्या तिमाहीत जगभरातील लॅपटॉपच्या विक्रीने डेस्कटॉपला प्रथमच मागे टाकले.

महाराष्ट्रात या निवडीला आणखी एक स्थानिक कारण मिळाले, ते भारनियमनाचे. २००५ नंतरची काही वर्षे, विशेषतः ग्रामीण व निमशहरी भागांत, वीज तासन्‌तास जात असे. डेस्कटॉपसोबतचा यूपीएस मजकूर जतन करून यंत्र बंद करण्यापुरती काही मिनिटे देई. लॅपटॉपची बॅटरी दोन-तीन तासांचे लेखन देई. तालुक्याच्या गावी लिहिणाऱ्या प्राध्यापकाला लॅपटॉपचे महत्त्व प्रवासासाठी कमी आणि घरात बसून लिहिण्यासाठी अधिक होते. याउलट डेस्कटॉपच्या बाजूने किंमत आणि दुरुस्ती या दोन गोष्टी भक्कम होत्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून गावातला कारागीर पेटी जुळवून देत असे आणि बिघडलेला भाग बदलूनही देत असे. लॅपटॉप असा जुळवता येत नसे.

आजही मराठीसाठी मोठा पडदा आणि स्वतंत्र कळफलक यांचे महत्त्व इंग्रजीपेक्षा अधिक आहे. अनुस्वाराचा ठिपका, ऱ्हस्व-दीर्घ उकार, 'ऱ्या'मधील अर्धा र या खुणा लहान पडद्यावर चटकन निसटतात. त्यात पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असल्यामुळे लॅपटॉपवर एकतर मान झुकते किंवा हात उचलावे लागतात. म्हणून दीर्घकाळ लिहिणारे अनेक जण लॅपटॉप उंच ठेवून त्याला वेगळा कळफलक जोडतात, म्हणजे टेबलावर पुन्हा डेस्कटॉपच उभा करतात. घरी टेबलावर आणि अभिलेखागारात मांडीवर अशी दुहेरी वापराची पद्धत संशोधकास सर्वांत सोयीची दिसते. फडातील बैठक आणि मोहिमेवरचे कलमदान यांची ही आठवण आहे.

बंद पेटीतील मराठी

या इतिहासाची एक बाजू अजून मिटलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीपासून प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक झाले आणि 'शोधगंगा' या संग्रहात असे प्रबंध जमा होऊ लागले. तेथील अनेक जुने मराठी प्रबंध पानांची छायाचित्रे म्हणून किंवा जुन्या फाँटमध्ये आहेत. ते डोळ्यांनी वाचता येतात, पण त्यांत एखादा शब्द शोधू गेल्यास सापडत नाही, कारण यंत्राच्या लेखी तो मजकूर मराठी नाहीच. जे संग्रहात गेलेही नाहीत, त्यांची स्थिती याहून बिकट आहे. १९९० ते २००५ या काळातील कितीतरी प्रबंध, स्मरणिका, शब्दसूची आणि मुलाखतींची टिपणे फ्लॉपींवर व बंद पडलेल्या डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कवर आहेत. ज्या फाँटमध्ये ती लिहिली, तो फाँट आजच्या लॅपटॉपवर नाही. ज्या किल्लीने तो चालायचा, तिच्यासाठीचे छिद्रही नाही. रूपांतर करणाऱ्या प्रणाली उपलब्ध आहेत, पण रूपांतरात रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी जागा सोडते आणि जोडाक्षरे फुटतात, म्हणून प्रत्येक पान माणसाने मुळाशी ताडून पाहावे लागते. त्या काळात लिहिणारे प्राध्यापक आता निवृत्त झाले आहेत किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. कोणत्या फ्लॉपीवर कोणते प्रकरण आणि ते कोणत्या फाँटमध्ये टंकित केले होते, हे सांगू शकणारी माणसे तीच आहेत. महाविद्यालयांच्या जडवस्तू संग्रहातून जुने डेस्कटॉप दरवर्षी भंगारात निघतात, आणि निर्लेखनाच्या यादीत यंत्राचा क्रमांक, खरेदीचे वर्ष व मूळ किंमत यांचे रकाने असतात. आत काय लिहिलेले आहे याचा रकाना नसतो.